परतवाड्याच्या पुढं, गोट्यातलं बोअर

सोमवार

अमरावतीहून परतवाडा काही फार लांब नाही, वलगाव, आसेगाव पूर्णा करत गेलं की दीडेक तासात माणूस पोचतो. पण छोट्या हत्तीत मागं डिझेलवरचा वेल्डिंग सेट, ऑक्सिजनचं काळं सिलिंडर, कटिंगचा गॅस, केबलची वेटोळी, रॉडचे डबे आणि या सगळ्यावर आमचा हेल्पर पोरगा बसलेला, अशी वरात घेऊन निघालं की ड्रायव्हर चाळीसच्या वर जात नाही आणि जाऊही नये. आसेगावला पूर्णेच्या पुलाजवळ चहा घेतला. जानेवारीची सकाळ, थंडी मजबूत, शेतात तुरीचे ढीग लागलेले, कपाशीची शेवटची वेचणी चालू आणि हरभरा घाट्यावर आलेला.

काम असं होतं की बहिरमच्या अलीकडं एका संत्रेवाल्याच्या बागेत बोअर चालू आहे आणि त्याची बिट, म्हणजे दगड फोडणारं लोखंडी तोंड, घासून बाद झाली. आता बोअर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं ट्रकवरची मशीन येते, कॉम्प्रेसरची बोंबाबोंब, पांढरा फुफाटा, आणि संध्याकाळपर्यंत दोन-तीनशे फूट खल्लास. हे तसलं नाही. ही जुनी ठोक्याची मशीन, पर्कशनची. लोखंडी दोराला टांगलेली जड बिट उचलायची आणि सोडायची, उचलायची आणि सोडायची, बस्स. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी मिठाच्या पाण्यासाठी लोक बांबूवर असंच ठोकत होते, फरक एवढाच की इथं बांबूच्या जागी पुकपुक करणारं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. मी अशा मशीनबद्दल ऐकून होतो, बिट हातात कधी आली नव्हती, म्हणून ग्रिलचं एक काम पुढं ढकलून निघालो.

परतवाड्यात दगडी कोळसा, ग्राइंडरच्या चकत्या आणि एक पोतं लाकडी कोळसा घेतला. अचलपूरच्या बाजूला शकुंतला रेल्वेचे रूळ अजून दिसतात, गाडी मात्र बंद पडली ती पडलीच. मग बैतूल रोड धरला. डाव्या हाताला सातपुडा जवळ जवळ येत जातो आणि जमिनीचा रंग बदलतो, धुऱ्यावर गोट्यांचे ढीग दिसायला लागतात, नारळाएवढे, कुठं कुठं पोत्याएवढे, सगळे गोल घासलेले. तिथंच समजायचं की खाली काय वाढून ठेवलंय.

मशीन बागेच्या कोपऱ्यात उभी. वीस-पंचवीस फुटी लोखंडी टॉवर, खाली दोराचा ढोल, बाजूला वर-खाली होणारा बीम. चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे, डोक्याला मफलर, पायात प्लास्टिकचे बूट. नमस्कार-चमत्कार नाही, पहिलं वाक्य काय तर, "तुम्ही पाणी त नाई ना पाजत बिटले?"

मला काही समजेना. मग त्यांनी बिट दाखवली. साडेपाच फूट लांब, अडीचशे-तीनशे किलोचा ठोकळा, खालचं तोंड छिन्नीसारखं. काकांनी गेजची रिंग, म्हणजे बिटीची जाडी मापायची कडी, चढवून दाखवली, साडेनऊ इंचाच्या जागी पावणेनऊ भरली, रिंग ढकळढकळ हलते. आणि धारेच्या वर तळहाताएवढा वेल्डिंगचा पोपडा निघालेला, खाली एक चीर. मागच्या महिन्यात कोणी एक वेल्डर येऊन गेला होता, त्यानं थंड लोखंडावर साधे रॉड मारले आणि घाई होती म्हणून वरून बादलीभर पाणी ओतलं. तीन दिवसात पोपडा उडाला, आणि तो तुकडा बोअरमध्ये पडला, तो काढायला आणखी दोन दिवस.

"बिट म्हणजे काई विळा हाय का गा पाणी पाजाले?" काकांचा राग त्या माणसापेक्षा त्या बादलीवर जास्त होता.

घासलेल्या बिटीनं काय बिघडतं ते सांगतो, कारण बागमालकाला पण ते पटत नव्हतं, तो म्हणे पाऊण इंचानं काय होते. इथं बोअर पडतं तसं मागोमाग दहा इंची केसिंग पाइप ठोकत न्यावं लागतं, नाहीतर वरचे गोटे ढासळतात. बिट त्या पाइपच्या पोटातून खाली जाते, म्हणजे ती पाइपपेक्षा जराशीच बारीक पाहिजे. बारीक जास्त झाली की भोक अरुंद पडतं, पाइपचा बूट, म्हणजे खालची कड, गोट्यावर बसतो आणि वरून कितीही ठोका, पाइप हलत नाही. जबरदस्ती केली तर बूट वाकतो. मग पाइप गेला, बोअर गेलं, पैसा गेला.

संध्याकाळी मालकाकडं पाटवडीचा रस्सा आणि भाकरी. रश्शाला तर्री अशी की आमच्या हेल्परचे कान लाल झाले.

मंगळवार

सकाळी पहिलं काम ग्राइंडरचं. जुनं सगळं वेल्डिंग काढून टाकलं. चीर कुठपर्यंत गेली ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून लाल रंगाचा स्प्रे मारायचा, तो भेगेत शिरतो, मग वरचा पुसून पांढरा स्प्रे मारला की भेग लाल रेघ होऊन वर येते. पहिल्यांदा रेघ बोटभर आली, घासलं, परत मारलं, अर्धी झाली, परत घासलं, तिसऱ्यांदा पांढरं स्वच्छ. काका मागं उभं राहून बघत होते, म्हणाले, "हे बरं हाय, आमी त घासलेट लावून चुना फासत होतो." म्हणजे तेच की! घासलेट भेगेत जातं आणि चुन्यावर डाग उमटतो. स्प्रेच्या डब्याचे आपण उगाच पैसे देतो असं क्षणभर वाटलं.

मग शेकणं. बिटीचं लोखंड जास्त कार्बनचं. असल्या थंडगार लोखंडावर वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची पट्टी झटकन निवते आणि काचेसारखी कडक होते. त्यात रॉडच्या लेपात ओल असली तर तिच्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि वेल्डिंगच्या खाली चीर पडते, ती पण लगेच नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी, वेल्डर पैसे घेऊन घरी गेल्यावर. म्हणून बिट आधी गरम पाहिजे, रॉड कोरडे पाहिजेत, आणि निवणं हळू पाहिजे. यातलं एक जरी सोडलं तर महागातला रॉड पण कामाचा नाही. लोक मला रॉडची कंपनी विचारतात, शेकलं कसं ते कोणी विचारत नाही.

रुळाच्या दोन तुकड्यांवर बिट आडवी ठेवली, खाली चर खणला, त्यात कोळसा, आणि पेटवायला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. पऱ्हाटीचा जाळ कसा असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको, भडभड करून पेटते आणि तेवढ्यात कोळसा धरतो. हाताचा ब्लोअर गावातल्या लोहारबुवांनी दिला, स्वतःच येऊन फिरवत बसले. पूर्वी या बिटा वेल्डिंगनं भरतच नव्हते म्हणे, भट्टीत तोंड लालबुंद करायचं आणि दोन बाजूला दोन गडी घण घेऊन उभे, ठोकून ठोकून कडा बाहेर काढायच्या, गेज रिंग अंगाला लागली की थांबायचं. लोहारबुवांच्या वडलांनी ते केलेलं आहे. घणाचा एक ठोका तिरपा पडला की काकांचे वडील शिव्या घालायचे, ही आठवण दोघांनी हसत हसत सांगितली.

टेम्परेचर गननं बघत राहिलो. शंभर, दीडशे, मग बराच वेळ तिथंच अडकलं कारण ठोकळा जाड, वरून गरम आणि पोटात थंड. अडीचशेला वरून पत्रा झाकून अर्धा तास तसंच ठेवलं, मग होल्डर हातात घेतला. रॉड ७०१८, ओव्हनमध्ये घरीच भाजून आणलेले, साइटवर गरम डब्यातून एक एक काढायचा. चार एमएमचा रॉड, १६० ॲम्पिअरच्या आसपास. शेतात थ्री फेज होती, मालक म्हणाला, "लाइन हाय ना, कायले डिझेल जाळता?" पण कृषीची लाइन रात्रपाळी-दिवसपाळीनं आठ तास, व्होल्टेज असं की तिकडं शेजाऱ्यानं मोटर चालू केली की इकडं रॉड चिकटतो. मध्येच लाइन गेली तर शेकलेली बिट निवली, म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि पंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग चालवणं नियमातही बसत नाही. डिझेलच बरं.

एक थर झाला की स्लॅग, म्हणजे वरची खपली, झाडायचा, टाका लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीनं टुकटुक ठोकायचा म्हणजे आवळलेला ताण मोकळा होतो, मग बिट पलटायची, समोरच्या बाजूला तेवढाच थर. पलटायला चेनपुली आणि पाच माणसं. बिटीच्या दोन्ही अंगाला वरपासून खालपर्यंत खाचा असतात, गाळ-पाणी वर यायला. मागच्या वेल्डरनं त्यातली एक अर्धी भरून टाकली होती, ती मी उघडून दिली. खाच बुजली की बिट गाळात चपकन बसते आणि ठोका मार खातो.

जेवायला बसलोच नाही, आळीपाळीनं भाकरी-ठेचा उभ्यानं खाल्ला. शेवटचे दोन थर फक्त कडांना, हार्डफेसिंगच्या, म्हणजे कडक थर देणाऱ्या रॉडचे. सगळीकडं हार्ड रॉड मारायचा मोह होतो, कारण मालकाला वाटते जेवढं कडक तेवढं चांगलं, पण ठोक्याच्या कामात नुसतं कडक लोखंड टवके देऊन उडतं. पोट चिवट पाहिजे, कडा कडक.

गावची पोरं जमली होती. वेल्डिंगच्या उजेडाकडं बघू नका म्हटलं की जास्त बघतात, शेवटी ताडपत्री बांधली. तरी एक जण फटीतून बघत बसला आणि रात्री डोळ्यात रेती गेल्यासारखं झालं म्हणून रडला. त्याची आई बटाट्याच्या चकत्या ठेवत होती, मी म्हटलं थंड पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू देऊ नका आणि सकाळी परतवाड्याला दाखवा.

अंधार पडता पडता काम आटोपलं. मग खड्ड्यात राख, तुराट्यांची आणि चुलीची, गावातून घमेल्यांनी गोळा केलेली, कोरडी. बिट त्यात उतरवली, वरून आणखी राख, वर पत्रा. काका रात्री बारा वाजता उठून हात लावून बघून आले हे मला सकाळी कळलं.

बुधवार

सकाळी राख उकरली तर बिट अजून कोमट होती. परत लाल-पांढरा स्प्रे, कुठं रेघ नाही. ग्राइंडर मारून रिंग चढवली, थोडी अडली, अजून घासलं, मग रिंग अंगासरशी बसली. काका काही बोलले नाहीत, बिडी पेटवली.

जोडणीला दुपार झाली. खालून बिट, वर वजनाचा जाडजूड दांडा म्हणजे स्टेम, वर जार्स, मग दोराचं सॉकेट, सगळं मिळून टनाच्या घरात वजन. जार्स म्हणजे साखळीच्या दोन लांबट कड्या एकमेकात अडकवलेल्या, बिट फसली तर त्यांचा वरच्या बाजूला झटका देऊन ती सोडवता येते. दोराची एक गंमत आहे, त्याचा पीळ डावा. वजनानं ताणला की पीळ थोडा उलगडतो आणि खालची बिट जराशी फिरते, म्हणून भोक गोल पडतं, आणि जोडांचे आटे उजवे असल्यामुळं त्या फिरण्यानं ते ढिले पडत नाहीत, उलट आवळतात. कोणी कुठं बसून हा विचार केला असेल कोण जाणे.

इंजिन सुरू झालं. मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस ठोके. काका स्टुलावर बसून एक हात दोरावर ठेवतात आणि तिथून हलत नाहीत. मलाही ठेवायला लावला. आधी नुसता दोर वर-खाली होताना जाणवतो, मग थोड्या वेळानं फरक कळायला लागतो, गोट्यावर बसला की तळव्याला टणकन झणका येतो, मातीत बसला की मऊ, उशीर झाल्यासारखा. दोर फार ढिला सोडला तर बिट तिरपी पडते, फार ताणून धरला तर तळाला पोचतच नाही, इंचा-इंचानं सोडत राहायचा. शंभर फुटाखाली काय चाललंय ते काका तळव्यानं सांगतात, "आता गोटा फुटला," आणि मग खरंच ठोका मऊ होतो.

तासा-दीड तासानं बिट बाहेर, बेलर आत. बेलर म्हणजे लांब पाइप, बुडाला झडप. आपटला की गाळ आत शिरतो, उचलला की झडप बंद. बोअर कोरडं असलं तरी वरून पाणी ओतावं लागतं, नाहीतर चुरा तरंगत नाही आणि बिट स्वतःच केलेल्या पिठावर ठोकत बसते. गाळ घमेल्यात ओतून काका धुतात, तळाला उरलेले खडे बोटांनी फिरवून बघतात. काळ्या दगडाचे टोकदार तुकडे म्हणजे गोटा फुटलेला, गोल रेती म्हणजे थर बदलला. त्या दिवशी चार फूट झालं. काका खूश होते, कधी दोनच होते म्हणे.

मग ती ट्रकवरची, कॉम्प्रेसरच्या हवेची मशीन का नाही? हे मी मालकाला विचारलं तर त्यानं बागेच्या दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. "आणली होती ना बाप्पा. साठ-सत्तर फुटावर हॅमर फसला, अजून तिथंच हाय." हॅमर म्हणजे त्या मशीनचं हवेवर ठोकणारं खालचं तोंड.

काळ्या पत्थरात, म्हणजे यवतमाळ, वाशिम, अमरावतीच्या दक्षिणेला, हवेच्या मशीनला तोड नाही. बिहारचा १९६७ चा दुष्काळ, मग आपला १९७२ चा, त्या काळात त्या मशीन इकडं आल्या आणि ठोक्याचा धंदा बसला, ते बरोबरच झालं, लोकांना पाणी लगेच पाहिजे होतं. पण सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा वेगळा. डोंगरातून नद्यांनी आणून टाकलेले गोटे, रेती, माती, सगळी खिचडी, शेकडो फूट. हवेच्या मशीनची हवा गोट्यांच्या फटीत निघून जाते, चुरा वर येत नाही आणि मोकळा गोटा हॅमरच्या मागून घसरून त्याला कैचीत धरतो. इथं पाऊस पडला की पाणी सरळ खाली जातं, म्हणून वरच्या विहिरी कोरड्या आणि पाणी खोल पण गोड. तेच पाणी खाली दर्यापूरकडं जावं तर तिकडं खारपाणपट्टा, पाणी वरती आहे पण तोंडात घेववत नाही. डोंगराच्या पलीकडं बुऱ्हाणपूरला अशाच पायथ्याच्या जमिनीतलं पाणी कुंडी भंडाऱ्यात उतारानं गावापर्यंत नेलंय, १६१५ सालचं काम, अजून पाणी आहे. आपण इकडं मोटर लावतो.

जागा मात्र पाणाड्यानं दाखवलेली, तळहातावर नारळ उभा राहिला तिथं. मी काकांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "इथं कुठंबी ठोका, पाणी खाली हायच. गोटे किती लागतात ते नारळ नाई सांगत."

गुरुवार

दिवसभर केसिंग. वीस फुटी पाइप उभा करून खालच्या पाइपवर जोडायचा, बोअरच्या तोंडावरच. दोन्ही कडांना उतार मारून घेतलेला. लेव्हल दोन बाजूंनी लावून चार टाके, समोरासमोर, मग भरतानाही आलटून पालटून समोरासमोर, नाहीतर वेल्डिंग निवताना पाइपला एका अंगाला ओढतं. वर जरासं वाकडं दिसलं की खाली पुढच्या पाइपात ते वाढत जातं आणि बिट एका बाजूला घासायला लागते. वारा होता, पत्र्याचा आडोसा धरायला दोन माणसं. पाइप ठोकला, पहिले दोन फूट अडत अडत, मग एकदम सुटला आणि मालकानं टाळी वाजवली, पाऊण इंचाचा हिशेब त्याला तिथं पटला.

शेवटी खालच्या पाइपांच्या झिऱ्यांचा विषय निघाला. रेतीचा थर लागला की त्या जागी येणाऱ्या पाइपला उभ्या चिरा पाडायच्या असतात, गॅस कटरनं. मालक म्हणे मोठ्या पाडा, पाणी जास्त येईल. पाणी येईल आणि रेतीही येईल, मोटरचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी आतली चाकं, सहा महिन्यात खलास. बारीक पाडायच्या, एकाखाली एक नाही, आलटून पालटून, म्हणजे पाइप कमजोर होत नाही. पण रेती कुठं आणि किती जाडीची ते कळल्याशिवाय कटर लावणार नाही असं सांगून टाकलं.

मालकाची घाई समजते. आंबिया बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या या हंगामातल्या फुलासाठी, झाडं ताणावर सोडलेली, म्हणजे पाणी तोडलेलं, पानं मलूल, आणि जानेवारीच्या मध्यापासून पाणी देऊन ताण तोडायचा असतो. तो पंधरवडा गेला की फूल गेलं. त्यानं शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी विकत ठरवून ठेवलंय, पहिली पाळी त्यावर काढणार.

शुक्रवार

सामान भरलं. इतक्या जवळ येऊन बहिरमच्या यात्रेला न जाणं शक्य नव्हतं, महिनाभर चालते, आणि आम्ही बरोबर त्यात सापडलो होतो. दर्शन झालं, मग राहुट्यांच्या बाजूला मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. हेल्परनं किती खाल्ले ते लिहीत नाही. लोहारबुवा पण सोबत आले होते, घण-भट्टीच्या गोष्टी तिथंही चालूच.

पैशाचं बोलणं मालकानं जेवताना काढलं, पोट भरलेला माणूस कमी भांडतो हे त्याला माहीत असावं. थोडी ओढाताण झाली, कोळसा त्याच्या अंगावर टाकला, डिझेल अर्धं अर्धं.

आठवडाभरानं काकांचा फोन आला. बिट रिंगमध्ये पाव इंच ढिली झाली होती, म्हणजे तेवढ्या गोट्याला ठीक आहे. गोल रेती लागायला सुरुवात झाली, घमेल्यात तुरीच्या दाण्याएवढी. मी म्हटलं नमुना पिशवीत भरून एसटीनं पाठवा, चिरा किती बारीक पाडायच्या ते रेती बघून ठरवतो. काका म्हणाले, "पाठवतो, पण रॉड घरूनच भाजून आणजा. अन दुसऱ्या बिटीलेबी तोंड लावा लागते, दोन दिवस जास्तीचे धरजा."